स्मार्ट प्लग लावले तरी वीजबिल तेवढंच? गळती शोधायची कशी आणि सवलती घ्यायच्या कधी

तक्रार साधारण अशी असते. घरात सगळीकडे एलईडी दिवे लागले, हॉलमध्ये मोबाइलवरून रंग बदलणारे बल्ब आले, गीझरला स्मार्ट प्लग बसला. पहिल्या महिन्यात बिल थोडं उतरलं, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पुन्हा होतं तिथे आलं. मे महिन्यात तर त्याच्याही वर गेलं. मग कुणीतरी म्हणतं, "नवीन मीटर पळतंय." त्यावर सगळ्यांच्या माना डोलतात आणि शोध तिथेच संपतो.

माझं ठाम मत असं आहे की उपकरण स्मार्ट असल्यामुळे वीज वाचत नाही. त्याचा खरा उपयोग मोजण्यासाठी आहे. आधी मोजायचं, मग जिथे वीज जाते तिथेच पैसे घालायचे, आणि अनुदानाचा अर्ज त्यानंतर करायचा. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. आधी ऑनलाइन सेलमधून खरेदी होते, मग सौर पॅनेलवाल्याला फोन जातो आणि घरात रोज किती युनिट कुठे जातात हे शेवटपर्यंत कुणालाच कळत नाही. खालची पद्धत महावितरणच्या घरगुती जोडणीला धरून लिहिली आहे. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीचं बिल येत असेल तर दर वेगळे असतील, शोधायची रीत तीच.

आधी बिल नीट वाचा

बिलाच्या रकमेकडे तूर्त बघू नका. मागील रीडिंगची तारीख आणि चालू रीडिंगची तारीख बघा, मधले दिवस मोजा आणि वापरलेली युनिट त्या दिवसांनी भागा. एका बिलात २८ दिवस असतात, दुसऱ्यात ३५. दोन बिलांची सरळ तुलना केली की वापर एकदम वाढल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात रोजची युनिट तेवढीच असतात. तुलना करायची ती मागच्या महिन्याशी नाही, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. मागच्या महिन्यांचा वापर बिलावरच छापलेला असतो.

रोजची युनिट तेवढीच आहेत आणि रक्कम मात्र वाढली, तर कारण घरात नाही. बहुधा एप्रिलमध्ये दर बदलतात. इंधन समायोजन आकार दर महिन्याला कमी-जास्त होतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) या सगळ्यांवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क लागतं, त्यामुळे यातली कुठलीही ओळ वाढली की शुल्कही वाढतं. एप्रिल-मेच्या सुमाराला अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. ते वापराचं बिल नाही, वर्षभराच्या सरासरी बिलावरून काढलेली ठेव आहे आणि तिच्यावर व्याजही मिळतं. अनेक जण ती रक्कम बिलात धरून घाबरतात.

थ्री फेज जोडणी असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. तिचा स्थिर आकार सिंगल फेजच्या मानाने कितीतरी जास्त असतो. आधीच्या मालकाने कधीतरी घेतलेली थ्री फेज आज दोन माणसांच्या घरात विनाकारण चालू असल्याचं पुष्कळदा दिसतं. भार तेवढा नसेल तर कमी करून घेण्यासाठी अर्ज करता येतो.

बिलावर मीटरची स्थिती "लॉक" वा "फॉल्टी" अशी लिहिली आहे, तर ते सरासरीचं बिल आहे. अशी दोन-तीन बिलं कमी रकमेची येतात, मग खरं रीडिंग झालं की सगळी युनिट एकदम अंगावर येतात. अशा वेळी साचलेली युनिट मधल्या महिन्यांत वाटून प्रत्येक महिन्याच्या स्वस्त दरटप्प्याचा फायदा दिला आहे की नाही हे बघायलाच हवं. नसेल तर बिल दुरुस्त करून मागा. महावितरणच्या ॲपवरून स्वतः रीडिंग पाठवायची सोय आहे, घर बंद असेल तेव्हा ती वापरा.

आता टप्प्यांबद्दल, कारण वाचवलेल्या युनिटची किंमत इथे ठरते. घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे चढत जातात. अलीकडच्या दरपत्रकांत दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून थोडा जास्त आहे आणि तिसऱ्याचा जवळपास तिप्पट. १०१ वं युनिट वापरलं म्हणून सगळीच युनिट महाग होत नाहीत, हा गैरसमज काढून टाका. पण वाचवलेलं प्रत्येक युनिट वरून, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतं. ३४० युनिट वापरणाऱ्या घराने ४० वाचवली तर ती सगळी तिसऱ्या टप्प्यातली असतात. ९० युनिट वापरणाऱ्या घराने तेवढीच वाचवली तर वीज आकारातली बचत त्याच्या एक तृतीयांशाच्या जवळपास. कशावर किती खर्च करायचा, हे या फरकावरून ठरवा.

मीटरचा लाल दिवा

ही तपासणी फुकट आहे आणि कुठलंही उपकरण विकत घ्यायच्या आधी करायची आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. मीटरच्या पाटीवर "३२०० इम्पल्स" असा आकडा असतो, काहींवर वेगळा असेल. याचा अर्थ दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. म्हणजेच मिनिटाला एकदा लुकलुकत असेल तर घरात साधारण १९ वॅटचा भार चालू आहे.

रात्री सगळे जागे असताना घरातलं सगळं बटणावरून बंद करा. फ्रिज, राउटर, सेट टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, सगळं. मेन स्विच चालूच ठेवा. आता मीटरसमोर पाच मिनिटं उभे राहा. दिवा लुकलुकायला नको. काही मीटरमध्ये भार शून्य झाला की तो एकसारखा पेटून राहतो, तेही ठीक. पण मिनिटाला चार वेळा लुकलुकतोय, तर ७५ वॅट कुठेतरी जाताहेत. अख्खा महिना धरला तर ५४ युनिट झाली. तुमच्या घरात कुणीही न वापरलेली ५४ युनिट.

मग वितरण पेटीतला एकेक एमसीबी, म्हणजे प्रत्येक लायनीचा छोटा स्विच, खाली करत जा. ज्याच्यानंतर लुकलुकणं थांबेल त्या लायनीत दोष आहे. बहुतेक वेळा निघतं ते असं: माळ्यावर विसरलेला जुना स्टॅबिलायझर, गच्चीवरचा दिवा, बाथरूमच्या ओल्या भिंतीतून अर्थला जाणारी गळती, किंवा बोअरच्या पंपाची पाण्यात भिजलेली केबल. शेवटच्या दोन्हींत पैशांपेक्षा जिवाचा प्रश्न आहे. ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पेटीत नसेल तर इतर कुठलीही स्मार्ट वस्तू घेण्याआधी तो बसवा. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून वायरमनने तो काढून सरळ जोडणी करून दिली असेल, तर तो पडत होता याचं कारण अजून भिंतीत तसंच आहे.

आणि मेन स्विच खाली केल्यावरही दिवा लुकलुकत राहिला तर? मग मीटर आणि तुमचा मेन यांच्या मधून कुठेतरी तार गेलेली आहे. जुन्या इमारतींत जिन्यातला दिवा किंवा शेजारचं एखादं पॉइंट असं जोडलेलं सापडतं. भांडायला जाण्याआधी परवानाधारक वायरमनला दाखवा. बऱ्याचदा ते पूर्वीच्या दुरुस्तीत नकळत झालेलं असतं.

"नवीन मीटर बसल्यापासून बिल वाढलं" या तक्रारीमागे एक खरं कारण असू शकतं, ते फारसं कुणी सांगत नाही. हल्लीची बहुतेक मीटरं फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांमधला प्रवाह मोजतात आणि त्यांत फरक असेल तर जो जास्त आहे त्यावर युनिट धरतात. दोन फ्लॅटचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र जोडलेले असतील, तर शेजारच्या घराचा थोडा प्रवाह तुमच्या न्यूट्रलमधून परततो आणि तुमच्या बिलात येतो. जुन्या चकतीच्या मीटरवर हे दिसत नव्हतं. दोष वायरिंगचा आहे आणि तो वायरिंगमध्येच दुरुस्त करावा लागतो. मीटर बदलून मागितलं तरी बिल तसंच राहील.

आता स्मार्ट प्लग, पण मोजायला

वॅट आणि युनिट दाखवणारा, जाड पिनचा, १६ ॲम्पिअरचा एकच प्लग घ्या. घरभर दहा घ्यायची गरज नाही. तो आठ दिवस फ्रिजला, आठ दिवस गीझरला, आठ दिवस वॉशिंग मशीनला असा फिरवा आणि आकडे वहीत लिहा. महिन्याभरात घराचा हिशोब डोळ्यांसमोर येतो.

फ्रिजच्या लेबलवर वर्षाची युनिट छापलेली असतात. तुमच्या प्लगवर आठवड्याला येणारा आकडा ५२ ने गुणून त्याच्याशी ताडून बघा. दीडपटीहून जास्त असेल तर दाराचं रबर बघा. नोट अडकवून दार बंद करा, नोट सहज सरकून बाहेर आली तर रबर गेलं आहे. मागच्या जाळीवरची धूळ काढा, भिंतीपासून फ्रिज वीतभर पुढे ओढा. एवढं करूनही आकडा उतरला नाही तरच नव्या फ्रिजचा विचार.

सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद केल्यावरही जवळजवळ तेवढीच वीज घेत राहतो. १२ वॅटचा बॉक्स दिवसातले २० तास नुसता जागा राहिला तर महिन्याला सात युनिट. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी याहून वाईट. पाणी सारखं कमी होत असेल आणि बॅटरी हाताला कोमट लागत असेल, तर ती चार्ज होत नाही, नुसती वीज उष्णतेत घालवते आहे. वीज फार जात नाही अशा भागांत माळ्यावरचा इन्व्हर्टर हा मोजायचा राहून गेलेला सगळ्यात मोठा खर्च असू शकतो.

पाण्याचा पंपही मोजा. एक अश्वशक्तीचा घरगुती पंप चालू असताना तासाला एक युनिटच्या आसपास घेतो. टाकी रोज एका तासात भरायची ती दोन तास घेऊ लागली, तर फूट व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा पाइप कुठेतरी फुटला आहे. फ्लशची टाकी रात्रभर वाहत असेल तर पाण्याचं बिल आणि विजेचं बिल दोन्ही त्यातूनच वाढतात.

स्मार्ट वस्तूच बिल वाढवतात तेव्हा

वारंवार येणाऱ्या तक्रारींतली मोठी तक्रार इथे सुटते, म्हणून थोडं सविस्तर.

गीझरच्या प्लगला पहाटे साडेपाचला चालू आणि सहाला बंद असं वेळापत्रक लावलेलं असतं. सकाळी नऊला वीज जाते, साडेनऊला येते. बहुतेक प्लगांमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याची एक सेटिंग असते: चालू व्हायचं, बंद राहायचं की आधीच्या स्थितीत जायचं. ती "चालू" वर असेल तर गीझर साडेनऊला चालू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या "बंद"पर्यंत तापत, निवत, पुन्हा तापत राहतो. घरात कुणाला पत्ता नसतो, कारण सगळ्यांचा प्लगवर विश्वास असतो. देखभालीसाठी आठवड्यातून एकदा वीज जाणाऱ्या गावांत हे दर आठवड्याला होतं. ॲपमध्ये जाऊन ही सेटिंग "बंद राहायचं" वर ठेवा. आज, हे वाचून झाल्याबरोबर. नंतर प्लग चालू असताना मेन खाली-वर करून खात्री करून घ्या.

दुसरा दोष वेळापत्रक न चालण्याचा. काही उपकरणांत वेळापत्रक प्लगमध्येच साठतं, काहींत ते कंपनीच्या सर्व्हरवरून येतं. दुसऱ्या प्रकारात रात्री राउटर बंद करण्याची सवय असेल तर सकाळचा "बंद" हा हुकूम पोहोचतच नाही. राउटर बंद ठेवून एकदा वेळापत्रक चालतं का ते बघा. प्लग राउटरला जोडलाच जात नसेल, तर बहुतेक वेळा कारण हे की असे प्लग २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि तुमचा फोन ५ गिगाहर्ट्झवर असतो.

तिसरी गोष्ट, या वस्तू स्वतःही वीज खातात. जागा राहायला प्रत्येकाला साधारण अर्धा ते एक वॅट लागतो. एक वॅटच्या दहा वस्तू म्हणजे महिन्याला ७.२ युनिट. नऊ वॅटचा एलईडी रोज दोन तास लागत असेल तर त्याची महिन्याची वीज अर्ध्या युनिटच्या आसपास. त्या जागी स्मार्ट बल्ब लावून उरलेले बावीस तास त्याला जागं ठेवण्यात वाचत काहीच नाही, उलट थोडं वाढतं. आजीला अंधारात उठावं लागू नये म्हणून स्मार्ट दिवा घेतला असेल तर तो जरूर घ्यावा. त्याची किंमत सोयीत धरा, बचतीत नको.

चौथी गोष्ट सुरक्षेची. गीझर आणि एसीला पातळ पिनचा प्लग कन्व्हर्टर लावून जोडू नका. दोन हजार वॅटचा गीझर नऊ ॲम्पिअरच्या जवळ घेतो, तीन हजाराचा इन्स्टंट गीझर तेराच्या. जुन्या सैल सॉकेटमध्ये १६ ॲम्पिअरचा प्लगही तापतो. हात लावून बघा, कोमटपेक्षा जास्त लागला किंवा प्लास्टिक पिवळं पडलं तर तिथेच थांबा आणि आधी सॉकेट बदला. एसी प्लगवरून बंद करू नये, कॉम्प्रेसर चालू असताना वीज तोडणं त्याला सोसत नाही. तो रिमोटनेच बंद करायचा. फ्रिजला वेळापत्रक तर कधीच लावू नका.

पैसे घालायचे तर कुठे

पंख्यांत. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत याहून चांगली गुंतवणूक मला दिसत नाही. जुना छताचा पंखा ७५ ते ८० वॅट घेतो, बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या नव्या मोटरचा, पूर्ण वेगात ३० ते ३५. फरक ४५ वॅट. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट, चार पंख्यांमागे ६५ च्या जवळपास. ३४० युनिट वापरणाऱ्या घरात यातली ४० तिसऱ्या टप्प्यातून जातात आणि बाकीची दुसऱ्या टप्प्यातून. वहन आकार आणि शुल्क धरून ही उन्हाळ्यातल्या महिन्याला हजार रुपयांच्या आसपासची बचत आहे. थंडीत पंखे कमी चालतात, तेव्हा ती खाली येईल. चारही एकदम बदलायची गरज नाही, जो सगळ्यात जास्त वेळ चालतो तो आधी बदला. बहुतेक घरांत तो आई-बाबांच्या खोलीतला असतो. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघूनच घ्या.

बीएलडीसी बसवल्यावर पंखा हळू फिरतो, गुणगुणतो किंवा रिमोट ऐकत नाही, अशी तक्रार आली तर वायरमनला एकच विचारा: भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून सरळ जोडणी केली का? या पंख्याचा वेग त्याच्या आतल्या सर्किटवर ठरतो, मधला रेग्युलेटर त्याला बाधतो आणि काही महिन्यांत सर्किट जाळतो. साधा पंखाच ठेवायचा असेल तर निदान मोठा, तापणारा जुना रेग्युलेटर काढा. त्यात पंख्याचा वेग कमी होतो, पण उरलेली बरीच वीज उष्णतेत जाते.

गीझरचं गणित पाण्यावर चालतं. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला ०.६ युनिट लागतं, मग गीझर कुठल्याही कंपनीचा असो. स्टार जितके जास्त तितकं तापलेलं पाणी उशिरा निवतं, एवढाच त्यांचा अर्थ. म्हणून आंघोळी एकामागून एक करणाऱ्या आणि आधी वीस मिनिटं गीझर लावणाऱ्या घरात पाच स्टारचा फायदा थोडा असतो. दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्या घरात तो जास्त दिसतो, पण तिथे बटण बंद करणं हाच स्वस्त उपाय. थर्मोस्टॅट ५० अंशांवर आणा. बोअरचं पाणी जड असेल तर कॉइलवर क्षारांचा थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल जाते. वर्षातून एकदा साफ करून घ्या.

एसीबद्दल थोडक्यात. १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी २४ अंशांवरच सुरू होतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे तापमान एक अंश वर नेलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २६ वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. लेबलवरची युनिट वर्षाला १६०० तास धरून काढलेली असतात, तुमचे तास वेगळे असतील तर त्या प्रमाणात हिशोब करा. इन्व्हर्टर एसी दर अर्ध्या तासाने बंद-चालू करण्याची सवय सोडा, एकसारखा मंद चालण्यातच त्याची बचत आहे.

दिवसाची सवलत

स्मार्ट टीओडी मीटर (कुठल्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारं) बसलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरणने १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू केली. तुमच्या बिलात ती मिळते का, हे टीओडीच्या ओळीत बघा. घरघंटी, इस्त्री, वॉशिंग मशीन, पंप ही कामं या वेळेत सहज सरकतात. मात्र हिशोब करून बघा: महिन्याला ४५ युनिट दिवसा सरकवली तर ३६ रुपये सुटतात. सवय बदलायला हे पुरेसं आहे, त्यासाठी नवीन उपकरण घ्यायला नाही. गीझर पहाटे आणि एसी रात्री चालतो, त्यांना या सवलतीचा उपयोग होत नाही.

सवलती आणि अनुदान

छोट्या सवलती आधी उचला, त्यांना खर्च नाही. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट, ऑनलाइन भरलं तर पाव टक्का. कागदी बिल बंद करून ई-मेलवर घेतलं की गो-ग्रीनची बिलामागे १० रुपये, म्हणजे वर्षाला १२० रुपये. रक्कम लहान आहे, पण ती दर वर्षी मिळत राहते.

महापालिकांच्या सवलती लोक विसरतात. पुण्यात सौर यंत्रणा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एक गोष्ट चालू असेल तर मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सूट आहे. यंत्रणा प्रत्यक्ष चालू असावी लागते आणि तपासणी होते, तेव्हा गच्चीवरचा बंद पडलेला सोलर हीटर आधी दुरुस्त करून घ्या. तो दुरुस्त झाला की गीझरचं बिलही उतरेल.

मोठं अनुदान छतावरच्या सौर पॅनेलचं. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन किंवा त्याहून जास्तीला ७८,०००. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी किलोवॅटमागे १८,०००. एक किलोवॅट आपल्याकडे महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट देतं आणि साधारण १०० चौरस फूट जागा घेतं.

आता वरच्या मोजणीचा खरा उपयोग बघा. ४५० युनिट वापरणाऱ्या घराला विक्रेता चार किलोवॅट सांगेल. पंखे बदलून आणि गळती काढून वापर ३४० वर आला तर तीन किलोवॅटमध्ये भागतं. अनुदान तीनच्या वर वाढत नाही, म्हणजे चौथ्या किलोवॅटचा सगळा खर्च तुमचा असतो. तो वाचतो. आणि वापर मुळात ९० युनिट असेल तर घाई नको. पहिल्या टप्प्यातली वीज स्वस्त आहे, पॅनेलचे पैसे सुटायला बरीच वर्षं लागतील.

अर्ज अडकतो तो बहुधा कागदांवर. वीजजोडणी अजून आजोबांच्या नावावर, बँक खातं मुलाच्या नावावर, घर दोघा भावांचं. आधी जोडणीवरचं नाव बदला, मग अर्ज करा. अनुदान यंत्रणा बसून तपासणी झाल्यावर खात्यात येतं, तोवर पैसे तुम्हालाच उभे करावे लागतात. पॅनेल भारतीय बनावटीची असावी लागतात आणि विक्रेता नोंदणीकृत. आयात पॅनेल स्वस्तात देऊ केली तर अनुदान जाईल, हे ध्यानात ठेवा.

सौर बसूनही बिल शून्य येत नाही, अशी तक्रार हल्ली वाढली आहे. स्थिर आकार राहतोच. त्यापलीकडे बिल येत असेल तर बिलावरची निर्यात युनिट, म्हणजे तुमच्या पॅनेलने वीज कंपनीला दिलेली, मीटरच्या पडद्यावरच्या निर्यात आकड्याशी जुळवून बघा, पहिल्या एक-दोन बिलांत ही नोंद राहून गेलेली असू शकते. दुपारी बारा ते दोन या ऐन उन्हात निर्मिती तुटक दिसत असेल तर सौर इन्व्हर्टरचा इशारा वाचा. लायनीचा दाब (व्होल्टेज) जास्त झाला की तो स्वतःला बंद करतो. हे काम वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरवर किंवा तुमच्या केबलच्या जाडीत आहे, पॅनेलमध्ये नाही. उरलेली युनिट आर्थिक वर्षअखेरपर्यंतच पुढे जातात, ३१ मार्चला हिशोब होतो.

एवढं करूनही जमलं नाही तर

सगळं बंद असताना दिवा लुकलुकत नाही, प्लगचे आकडे जुळतात, तरी मीटरची युनिट त्यांच्याहून खूप जास्त आहेत, अशी वेळ आली तर मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज करा. तपासणी तुमच्या समोर व्हावी अशी मागणी त्यातच लिहा. सोबत रोज एकाच वेळी घेतलेले मीटरचे फोटो आणि वहीतल्या नोंदी जोडा. १९१२ या हेल्पलाइनवर नुसता फोन करून थांबू नका, तक्रार क्रमांक घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. उपविभागात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यानंतर विद्युत लोकपाल, ज्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. मंचात वकील लागत नाही. तिथे विचारतात तारखा, रीडिंग आणि पोच, आणि ते तीनही तुमच्या वहीत असतील.